पाच फेऱ्यांचे वर्ष

मोटोक्रॉस म्हणजे मोटारसायकलींची आडरानातली शर्यत. येथे डांबरी सडक नसते. वाळू, चिखल, चढउतार आणि मुद्दाम रचलेले मातीचे उंचवटे यांचा दीडदोन किलोमीटरांचा वेढा असतो आणि तो पुन्हा पुन्हा घालावयाचा असतो. इंग्लंडातील कॅम्बर्ली येथे १९२४ साली झालेल्या शर्यतीपासून या खेळाचा आरंभ धरतात. त्याला आज जागतिक अजिंक्यपद आहे, आणि त्यात स्त्रियांचा स्वतंत्र गट आहे. कामगार चळवळीतल्या माणसाला या खेळाशी काय कर्तव्य, असे श्रोत्यांपैकी कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की या गटाच्या एकाच हंगामाचा हिशेब मांडला, तर स्त्रीच्या श्रमासंबंधीचा एक जुना प्रश्न आकड्यांतून डोळ्यांसमोर उभा राहतो. तो हंगाम २०१९ चा.

प्रथम शर्यत कशी चालते ते पाहू. लोखंडी अडसरामागे चाळीसपर्यंत गाड्या एका रांगेत उभ्या राहतात. अडसर खाली पडला की सगळ्या एकदम सुटतात आणि पहिल्या वळणावर एकच झुंबड उडते. तेथे जी पुढे निघाली तिला मोकळी वाट मिळते. मागे राहिली तिच्या तोंडावर पुढच्यांच्या चाकांची माती. गाडी शंभर किलोंहून जड. स्वार बैठकीवर फारशी बसत नाही. पायखुंट्यांवर उभी राहून ती गुडघ्यांनी गाडी आवळते, आणि उडीनंतरचा हादरा पाय, कंबर व मनगटे यांवर झेलते. स्त्रियांची शर्यत वीस मिनिटे आणि वर दोन फेरे अशी असते. एका ठिकाणच्या मुक्कामात अशा दोन शर्यती होतात. त्या मुक्कामाला आपण येथे फेरी म्हणू.

आता गुणांचा हिशेब. पहिल्या क्रमांकास २५ गुण, दुसऱ्यास २२, तिसऱ्यास २०, असे उतरत उतरत विसाव्यास १. म्हणजे एका फेरीत फार तर ५० गुण मिळतात. वर्षअखेर ज्या स्वाराची बेरीज मोठी, तिच्याकडे अजिंक्यपद जाते.

२०१९ साली स्त्रियांच्या फेऱ्या पाच झाल्या. हॉलंडमधील व्हाल्केन्सवार्डच्या वाळूत आरंभ झाला. पुढे पोर्तुगालमधील आगेडा, चेक देशातील लोकेट, इटलीतील इमोला, आणि शेवटी सप्टेंबरात तुर्कस्थानातील अफ्योनकाराहिसार. त्याच वर्षी पुरुषांच्या वरिष्ठ गटाला अठरा फेऱ्या मिळाल्या. एखाद्या पुरुषाची दुखापतीने एक फेरी बुडाली, तर त्याच्या वर्षाचा अठरावा हिस्सा गेला. स्त्रीची एक फेरी बुडाली, तर पाचवा हिस्सा गेला. पडल्यावर हाड दोघांचेही सारखेच मोडते. दंड मात्र तिला तिपटीहून अधिक.

हे निव्वळ गणित नव्हे. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील पामर्स्टन या लहान गावची कोर्टनी डंकन २०१६ साली प्रथम या स्पर्धेत उतरली, आणि कतारमधील पहिल्याच फेरीत तिने दोन्ही शर्यती जिंकल्या. त्याच हंगामात वाटेवर आलेल्या एका छायाचित्रकाराशी तिची टक्कर झाली आणि ते वर्ष हातचे गेले. २०१७ चा निकाल शेवटच्या फेरीपर्यंत लांबला. फ्रान्समध्ये चिखलात अडकलेली शर्यत लाल निशाण दाखवून मध्येच थांबवण्यात आली, आणि विजेतेपद इटलीच्या कियारा फोंटानेसीकडे गेले. २०१८ मध्ये डंकनच्या पायाला दुखापत झाली आणि हंगाम अर्ध्यावर सुटला. तीन वर्षे वेग होता, हिंमत होती. पण चुकलेले भरून काढायला पुढे फेऱ्याच उरत नव्हत्या. २०१९ मध्ये ती पाचही फेऱ्यांत टिकली आणि जगज्जेती झाली. २०२०, २०२१ आणि २०२३ सालीही तिने ते पद मिळवले. मधल्या २०२२ साली ती पुन्हा जायबंदी झाली आणि हॉलंडची नॅन्सी व्हॅन डी व्हेन विजेती ठरली. व्हॅन डी व्हेनचे कर्तृत्व त्यामुळे कमी होत नाही. अनेक वर्षे आघाडीवर राहून तिने ते कमावले होते.

आमच्या गिरण्यांत बदली कामगार नावाचा एक वर्ग असे. त्याचे नाव हजेरीपटावर असे, हातात कसब असे, पण काम महिन्यातून थोडेच दिवस मिळे. दिवस भरत नाहीत म्हणून तो कायम होत नसे, आणि कायम नाही म्हणून त्याला दिवस मिळत नसत. स्त्री-स्वारांची स्थिती याहून फार निराळी नाही. प्रेक्षक थोडे, म्हणून फेऱ्या थोड्या. फेऱ्या थोड्या, म्हणून जाहिरातदारांना तिचे नाव क्वचितच दिसते. जाहिरातदार नाही, म्हणून गाडी, सुटे भाग, यंत्रकारागीर आणि प्रवास यांचा भार तिच्या घरावर. मग स्वार कमी का, असा प्रश्न विचारला जातो.

आयोजकांचीही बाजू आहे. प्रत्येक फेरीला खर्च येतो, आणि रविवारच्या वेळापत्रकात जागा मोजकीच असते. हे आम्ही नाकारीत नाही. परंतु मागणी आधी की पुरवठा आधी, हा वाद इतिहासानेच पुष्कळसा निकालात काढला आहे. अमेरिकेत १९७४ साली स्त्रियांची राष्ट्रीय शर्यत भरली, तेव्हा तिचे नाव पावडर लावण्याच्या मऊ बोळ्यावरून ठेवले होते. पुढे ते नाव गेले, शर्यत राहिली. जागतिक गटात फोंटानेसीने सहा वेळा विजेतेपद घेतले. २०२४ साली हॉलंडच्या लोटे व्हॅन ड्रुनेन या सतरा वर्षांच्या मुलीने ते मिळवले. वाट मिळाली तेथे मुली आल्या आहेत.

स्त्रीला दार उघडले की न्याय झाला, असे आपण सहज धरून चालतो. आत गेल्यावर तिला कामाचे दिवस किती मिळतात, हे मोजायचे राहून जाते. म्हणून कोठल्याही क्षेत्रात स्त्रियांना प्रवेश मिळाल्याची वार्ता आली, तर तिचे स्वागत अवश्य करावे, आणि लगेच विचारावे: फेऱ्या किती?