पाच नंबरचं बटण

अंकांच्या छोट्या कीबोर्डवर पाचच्या बटणाला एक बारीक उंचवटा असतो. डोळस माणसाच्या तो लक्षातही येत नाही. माझ्या आत्याचा सगळा दिवस त्या उंचवट्याच्या आधाराने चालतो. काचबिंदूने तिची नजर जवळजवळ गेली आहे. पोलादपूरहून वर चढत गेलं की लागणाऱ्या एका वाडीत ती राहते. मुलं, पुतणे सगळे मुंबईला चाकरमानी. बोटाने चाचपून तिने पाच दाबलं की देव्हाऱ्याशेजारची लाकडी पेटी बोलते, 'साडेसहा वाजले.' चार दाबलं की हरिपाठ लागतो, शून्य दाबलं की पेटी गप्प. मोबाइलची काच तिच्या उपयोगाची नाही, कारण काचेला बोटाला लागेल असं काही नसतं.

पेटीत पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक आहे, रास्पबेरी पाय. पहिला पाय २९ फेब्रुवारी २०१२ ला बाजारात आला. आमचा तिसऱ्या पिढीचा, २०१६ सालातला. त्यावर लिनक्स चालतं. पडदा नाही, माऊस नाही, खिडक्या-चित्रं काहीच नाही. मग बटण दाबल्याचं कळतं कोणाला? एरवी संगणकावर हे काम पडद्याची व्यवस्था बघते. इथे ती व्यवस्थाच नाही, म्हणून मागे बसून फक्त बटणांचा कानोसा घेणारा एक प्रोग्राम लागतो. त्याचं नाव ट्रिगरहॅपी. स्टेफान टोमानेक यांनी तो सी भाषेत लिहिला आणि तो कुणालाही फुकट वापरता येतो.

रास्पबेरी पायच्या अधिकृत लिनक्समध्ये वर्षानुवर्षं तो न मागता आलेला असतो. चालू कामांच्या यादीत त्याचं 'टीएचडी' हे अनोळखी नाव दिसलं की नवखा माणूस घाबरतो. मलाही पहिल्यांदा व्हायरसचीच शंका आली होती. खरं कारण साधं आहे. यंत्र सुरू होताना शिफ्टचं बटण कुणी दाबून धरलं आहे का, हे तपासायला त्याची मदत घेतात. शिफ्ट दाबलेलं असेल तर प्रोसेसरच्या वेगाची नेहमीची अदलाबदल त्या वेळेपुरती टाळली जाते. तेवढ्या कामासाठी आणलेला हा पाहुणा पुढे घरातच राहतो, आणि त्याला आपण कितीतरी कामं सांगू शकतो.

सांगायची पद्धत मला फार आवडते. एका फाइलमध्ये एका ओळीत तीन गोष्टी लिहायच्या: कोणतं बटण, त्याची कोणती अवस्था, आणि मग काय करायचं. अवस्था तीनच. दाबलं तर एक, सोडलं तर शून्य, दाबून धरलं तर दोन. बटणाला लिनक्सच्या गाभ्याने दिलेला क्रमांक असतो. अंकांच्या पट्टीतल्या पाचचा क्रमांक ७६. हा क्रमांक बटणाच्या जागेचा, त्यावरच्या अक्षराचा नव्हे. त्यामुळे तुम्ही मराठी इनस्क्रिप्टमध्ये टंकत असा की इंग्रजीत, 'क' उमटवणारं बटण ट्रिगरहॅपीला ३७ नंबरचंच दिसतं. भाषा, लिपी, पडदा हे सगळं याच्या वरच्या मजल्यावर राहतं.

दाबून धरण्याची अवस्था मला आत्यामुळे कळली. आपण बटण टिचकीसारखं दाबतो. तिची बोटं आखडलेली. ती दाबते आणि आवाज येईपर्यंत धरून ठेवते. पाव सेकंद झाला की लिनक्स तेच बटण सेकंदाला सुमारे तीस वेळा पुन्हा दाबल्याचं कळवू लागतं. मी हौसेने दोन नंबरची अवस्थाही लिहून ठेवली होती. परिणाम असा की पंधरा-वीस आवाज एकावर एक चढून बोलू लागले आणि ती घाबरून मागे सरकली. ती ओळ काढली. शिवाय आवाज लावणाऱ्या स्क्रिप्टला कुलूप घातलं, म्हणजे एक बोलून होईपर्यंत दुसरा सुरू होणार नाही.

आवाजाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. सुरुवातीला ईस्पीक हा वाचून दाखवणारा प्रोग्राम वापरला. त्याला मराठी येतं. आत्या म्हणाली, "ह्यो बाबा नाकात बोलतो, मला काय कळत नाय." मग आकडे माणसाच्या आवाजात रेकॉर्ड करायचं ठरलं. इंग्रजीत वीसपर्यंतचे आकडे आणि पुढची दशकं घेतली की बाकीचे जोडून होतात. मराठीत तेवीस वेगळा, तेहेतीस वेगळा, त्रेचाळीस वेगळा. एकोणसाठपर्यंत प्रत्येक आकडा स्वतंत्र बोलावा लागतो. वर सव्वा, साडे, पावणे. पण साडेएक नाही, दीड. साडेदोन नाही, अडीच. आणि 'एक वाजला', पण 'दोन वाजले'. आत्याने आयुष्यात कधी 'पाच वाजून पंधरा मिनिटं' असं म्हटलेलं नाही. तिच्यासाठी ते सव्वापाचच. शेजारच्या मुलीने एका दुपारी सगळे आकडे म्हटले, बाहेर पाऊस पडत होता, आणि काही फाइलींत पन्हळीचं पाणी ऐकू येतं. ते मी काढलं नाही.

आता बिघाडाकडे येतो, कारण या प्रोग्रामची खरी ओळख मला त्यातूनच झाली.

ठाण्यात घरी पेटी जोडली तेव्हा पहिल्या दिवशी ती मुकी होती. हाताने आज्ञा दिली की आवाज येई, बटण दाबलं की नाही. पहिली चूक फाइलच्या नावाची. ट्रिगरहॅपी आपल्या फोल्डरातल्या फक्त 'डॉट कॉन्फ' ने संपणाऱ्या फाइली वाचतो, बाकीच्यांकडे बघतही नाही आणि तक्रारही करत नाही. दुसरी चूक खोल होती. हा प्रोग्राम सुरू होताना बटणांच्या वाटा उघडतो आणि लगेच स्वतःचे सगळे अधिकार टाकून देतो. त्यानंतर तो 'नोबडी' या नावाने वावरतो, म्हणजे कुणीच नाही. ही सावधगिरी योग्य आहे. जो प्रोग्राम सगळी बटणं ऐकतो त्याला तुमचे पासवर्डही ऐकू येतात. त्याच्या हाती घराच्या किल्ल्या असू नयेत. पण 'कुणीच नाही' ला ध्वनीचं यंत्र वापरायची परवानगी नव्हती आणि माझ्या नावाच्या फोल्डरातल्या फाइली वाचायचीही नव्हती. मी स्वतःच्या नावाने तपासत होतो, आणि माझ्या नावाला सगळी दारं उघडी होती. तीच आज्ञा 'नोबडी' च्या नावाने देऊन पाहिली तेव्हा परवानगी नाकारल्याचा संदेश पहिल्या झटक्यात समोर आला.

अशा वेळी पुष्कळ जण सर्वाधिकारी रूटच्या नावाने सेवा चालवून मोकळे होतात. ते करू नये. मी 'पेटी' नावाचा वेगळा वापरकर्ता केला, त्याला फक्त ध्वनीच्या गटात घातलं आणि आवाजांच्या फाइली सर्वांना वाचता येतील अशा जागी हलवल्या. सेवा कशी सुरू करायची हे सिस्टमडी ठरवतं. त्याच्या मूळ फाइलला हात न लावता शेजारी आपली पुरवणी ठेवता येते, म्हणजे पुढचं अपडेट ती पुसत नाही. सुरू करण्याची आज्ञा बदलायची असेल तर पुरवणीत आधी ती रिकामी लिहावी लागते आणि मग नवी, नाहीतर दोन आज्ञा झाल्या म्हणून सिस्टमडी सेवाच नाकारतं. हे नीट झालं. पण ती पुरवणी लिहिताना मी आणखी दोन बदल केले होते, आणि ते आषाढात उघडे पडले.

पोलादपूर भागातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातल्या तळीये गावावर आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे, सुतारवाडी इथे दरडी कोसळल्या. घाट बंद झाले की वाडीतल्या माणसापर्यंत कुणी पोचत नाही, फोनही पोचत नाही. अशा रात्री अंधारात एकट्या बसलेल्या म्हातारीला किती वाजले हे कळणं ही लहान गोष्ट नाही. म्हणून पेटी स्वतःची स्वतः सावरली पाहिजे, हा माझा आग्रह होता. आणि नेमकी ती लाइट जाऊन आल्यावर गप्प झाली. फोन आला, "अरे, तुझी पेटी बोलत नाय. रुसली काय?"

शनिवारी एसटीने गेलो. लॅपटॉप जोडून सेवेची स्थिती विचारली. हिरव्या अक्षरांत उत्तर आलं, चालू आहे. या हिरव्या अक्षरांवर मी पूर्वी विश्वास ठेवत असे. त्याचा अर्थ एवढाच की प्रोग्राम जिवंत आहे. तो ऐकतो आहे असा नव्हे.

वाडीला पाणी वरच्या झऱ्यावरून पाइपाने उताराने येतं. नळ कोरडा पडला की कुणी नळ बदलत नाही. मधला एखादा जोड सोडून बघतात. तिथे पाणी असेल तर खोट खाली, नसेल तर वर चढायचं, झऱ्याच्या तोंडाशी पाला अडकला असेल तिथपर्यंत. मीही मधला जोड सोडला. पाचच्या बटणावर आवाजाची आज्ञा काढून फक्त नोंदवहीत एक शब्द लिहायची आज्ञा ठेवली आणि सेवा पुन्हा सुरू केली. बटण दाबलं, शब्द उमटला नाही. म्हणजे स्पीकर, फाइली, परवानग्या सगळं निर्दोष, खोट वर. मग ट्रिगरहॅपीलाच सगळ्या बटणांचा नुसता अहवाल दाखवायला सांगितलं. तिथे पाचचं बटण स्वच्छ दिसत होतं, पण ते येत होतं एक नंबरच्या वाटेने. आणि माझ्या पुरवणीत मी नेमकी शून्य नंबरची वाट लिहून ठेवली होती.

मूळ फाइलमध्ये 'सगळ्या वाटा ऐक' असं होतं. मला ते अघळपघळ वाटलं म्हणून मी एकच लिहिली. या वाटांचे क्रमांक कायमचे नसतात. उपकरण सुटून पुन्हा जोडलं गेलं की क्रमांक बदलू शकतो. सुटलं का, तेही नोंदवहीत सापडलं: व्होल्टेज कमी पडल्याचे इशारे. पायच्या या मॉडेलला ५.१ व्होल्ट, अडीच अँपिअर लागतात आणि ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की तो तक्रार नोंदवतो. कुणीतरी मूळ चार्जर मोबाइलला लावला होता आणि पेटीला मोबाइलचा. कीबोर्ड क्षणभर मरून पुन्हा जिवंत होत होता.

तरीही सेवेने त्याला पुन्हा ओळखायला हवं होतं. तशी सोय मूळ रचनेत आहे, आणि ती मला सगळ्यात देखणी वाटते. अधिकार टाकून दिलेला प्रोग्राम नवं उपकरण स्वतः उघडू शकत नाही. म्हणून नवं बटण जोडलं गेलं की लिनक्सची व्यवस्था एका मदतनिसाला उठवते. तो मदतनीस अधिकाराने वाट उघडतो आणि उघडलेली वाट एका सॉकेटमधून ट्रिगरहॅपीच्या हाती देतो. अधिकार न देता काम दिलं जातं. मी पुरवणी लिहिताना सॉकेटचा उल्लेख अनावश्यक समजून गाळला होता. मदतनीस दर वेळी दारापर्यंत येत होता आणि दारच नव्हतं.

पुरवणीत मूळची ओळ जशीच्या तशी परत घातली, फक्त वापरकर्त्याचं नाव बदललं. कीबोर्ड तीनदा उपटून लावून पाहिला. तिन्ही वेळा पेटी बोलली.

पण वेळ चुकीची सांगत होती. दुपारचे बारा असताना 'पावणेचार वाजले.' हा बटणाचा दोष नव्हता. पायच्या या पिढीत सेलवर चालणारं घड्याळच नाही. तो शेवटची माहीत असलेली वेळ लिहून ठेवतो आणि सुरू झाल्यावर इंटरनेटवरून खरी वेळ विचारतो. लाइट गेली पहाटे आणि टॉवरही बंद. त्याने विचारायचं कुणाला? पुढच्या खेपेला डीएस३२३१ चिपचं छोटं घड्याळ आणलं, नाण्याएवढ्या सेलवर चालणारं, चार पिनांवर बसणारं. इंटरनेट नसलं तरी वेळ बरोबर राहते. मला खंत याची की हे पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं. नजर गेलेल्या माणसाला चुकीची वेळ ठामपणे सांगणारी पेटी मुक्या पेटीपेक्षा वाईट.

निघण्याआधी पेटीच्या झाकणाच्या आत मी मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला. आधी चार्जर कोणता ते बघा, मग लाल दिवा, मग कीबोर्डची पिन काढून लावा, मग पाच दाबून दहा सेकंद थांबा. त्यापुढे काही करू नका, फोन करा. आकडे म्हणणाऱ्या शेजारच्या मुलीला तो कागद एकदा वाचून दाखवला.

गेल्या श्रावणात पेटी पुन्हा एकदा गप्प झाली होती. मला फोन आला तो ती बोलायला लागल्यावर. "दादा, पिन ढिली होती," मुलगी म्हणाली, आणि मागून हरिपाठ ऐकू येत होता.