नाव नसलेली सीनरी

दिवाणखान्यात पिढ्यानपिढ्या टांगलेल्या, कोपऱ्यात सही नसलेल्या निसर्गचित्राला घरोघरी ‘सीनरी’ म्हणतात, आणि या एका शब्दातच त्याची प्रत ठरून जाते. तळे, पलीकडे डोंगर, कडेला झाड, एवढ्या सामग्रीवर त्याचे मोल ठरवायचे तर पहिला प्रश्न चित्रकाराचा नसून ते हाताने रंगवलेले आहे काय, हा असतो.

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेल्या छापखान्यामुळे घराघरांत पोहोचलेली ओलिओग्राफ, म्हणजे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून तैलरंगाचा आभास निर्माण करणारी छापील चित्रे, वार्निश दिल्यावर दुरून थेट तैलचित्रासारखी दिसतात. कापडाचा पोत दाबून उठवलेला असेल, तर तो आकाश, पाणी आणि पाने या सर्वांवरून सारखाच धावतो, आणि भिंगाखाली फिक्या भागांत बारीक ठिपके दिसतात. उलट कुंचल्याचा रंग झाडाशी जाड, आकाशात पातळ असा बदलत जातो व तिरप्या उजेडात त्याचे कंगोरे उठून दिसतात.

यानंतर जाणकार चित्र उलटे करतो. कॅनव्हास ज्या लाकडी चौकटीवर ताणलेला असतो तिच्या कोपऱ्यांत पाचरी आहेत की ती पक्की जोडलेली आहे, खिळे गंजलेले आहेत की त्यांच्या जागी स्टेपलच्या पिना आहेत, हे तो पाहतो. पाठीवर लंडनच्या ‘विन्सर अँड न्यूटन’सारख्या १८३२ पासूनच्या पुरवठादाराचा शिक्का असला, तरी त्यावरून कापडाचे वय कळते, चित्राचे नव्हे, जुन्या कापडावर नवे चित्र काढण्यास कोणाची मनाई आहे? रंगद्रव्यांची साक्ष अधिक कठोर असते, कारण टायटॅनियमचा पांढरा १९२० च्या आसपास, तर थॅलो निळा १९३५ नंतर वापरात आला. मात्र नमुना नंतरच्या डागडुजीतून घेतला गेला, तर हीच साक्ष दिशाभूल करते. म्हणून आधी अतिनील दिव्याखाली पाहणी करतात, त्यात जुने राळेचे वार्निश हिरवट चमकते आणि वरून केलेली डागडुजी बहुधा काळपट दिसते.

खरी फसगत होते ती नावाच्या मोहापायी. कोल्हापूरकडचे तळ्याचे चित्र हाती आले की १९३१ मध्ये वारलेल्या आबालाल रहिमान यांचे नाव ओठांवर येते; पण १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेतून बाहेर पडलेल्या हातांची संख्या लक्षात घेता, सफाईदार निसर्गचित्र म्हणजे अमुकच चित्रकार, हे अनुमान टिकत नाही. ‘यांचे मानले जाणारे’ आणि ‘यांच्या शैलीतील’ या दोन शब्दप्रयोगांत किमतीचे मोठे अंतर असते: पहिल्यात कर्तृत्वाचा सावध दावा असतो, दुसऱ्यात केवळ साम्याचा. नाव नसेल तर आकार, अवस्था आणि स्थळाची ओळख बोलते. एखादा ओळखू येणारा घाट काल्पनिक स्विस डोंगरापेक्षा निश्चितच सरस ठरतो. विम्यासाठी काढलेली भरपाईची रक्कम आणि प्रत्यक्ष विक्रीची किंमतही एक नसते. शिवाय १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने चित्र पुरावस्तू ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत ओल्या फडक्याने पुसलेले वार्निश पांढरट पडते, आणि नवी फ्रेम करताना मागचा पुठ्ठा फेकला जातो, ज्यावर कधीकधी जुन्या फ्रेमवाल्याच्या दुकानाची चिठ्ठी चिकटलेली असते.