पन्नाशीत पुन्हा पक्षी बघू लागलो

‘रोज सकाळी चाला’ हा डॉक्टरांचा सल्ला आता आपल्या वस्तीत घरोघरी पोहोचला आहे. कुणाला शुगर, कुणाला बीपी, कुणाचे गुडघे. दवाखान्यात आपण मान डोलावतो, चार दिवस चालतो आणि पाचव्या दिवशी सोडून देतो, कारण नुसतं चालायचा कंटाळा येतो. आम्हा सात-आठ जणांचं चालणं मात्र दोन वर्षं टिकलं आहे. ते टिकलं पक्ष्यांमुळे.

हा छंद आमच्यासाठी नवा नाही. आमच्यातल्या बहुतेकांचं लहानपण गावी, शेतात आणि गुरांमागे गेलं. होला, भारद्वाज, कोतवाल, सातभाई ही नावं तेव्हा तोंडपाठ होती. पावशा ओरडू लागला की पाऊस जवळ आला हे कळायचं. मुंबईत आल्यावर पाळी, लोकल आणि पाण्याची रांग यांत मान वर करायला सवड मिळाली नाही. मुलं मोठी झाली तेव्हा पुन्हा वर पाहिलं.

‘हे मोठ्या कॅमेरावाल्यांचं काम, आपलं नाही,’ असं काहींना वाटतं. त्यांना डॉ. सालिम अली यांची गोष्ट सांगावी. त्यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीचा गळा पिवळा दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून ओढ लागली. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. १९३० साली, हातात नोकरी नसताना, त्यांनी अलिबागजवळच्या किहीमला राहून सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नाव सुगरण असलं तरी घरटं विणतो तो नर. तो अर्धं घरटं विणतो, मादी येऊन पाहते आणि पसंत पडलं तरच पुढचं काम होतं! हे समजायला लागला तो वेळ आणि धीर. तो आपल्याकडेही आहे.

मनाला याचा उपयोग होतो का? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी १,२९२ जणांकडून मोबाईलवर दिवसातून अनेकदा नोंदी घेतल्या होत्या. पक्षी दिसले किंवा ऐकू आले तेव्हा लोकांना जास्त बरं वाटत होतं. हा परिणाम आठ तासांपर्यंत टिकलेला दिसला, आणि नैराश्याचा आजार असलेल्यांमध्येही दिसला. म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. डॉक्टरांचे उपचार चालू ठेवून ही जोड द्यायची.

जायचं कुठे? सुरुवात दारातून करा. नाल्याच्या काठी मान आखडून उभी असते ती ढोकरी. वडा-पिंपळावर ‘टुक् टुक्’ करणारा तांबट. पहाटे तारेवर गोड शीळ घालणारा काळा-पांढरा दयाळ. अंधेरीकरांना महाकाली लेण्यांचा परिसर आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात अडीचशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. कान्हेरी लेण्यांना आपण कुटुंबासह जातोच. पुढच्या वेळी वाटेत थोडं थांबून झाडांकडेही पाहा. मुलुंड, भांडुप, घाटकोपरकरांना खाडी जवळ आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तिथे हजारो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ साली रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.

आमची पद्धत साधी आहे. पक्षी बघताना पाय थांबतात, म्हणून आधी वीस-पंचवीस मिनिटं झपझप चालायचं आणि मग अर्धा तास एका जागी शांत उभं राहायचं. आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज पंचवीस मिनिटं झपझप चाललं तर सहा दिवसांत तो होऊन जातो. दुर्बीण नसली तरी चालतं. दहा रुपयांच्या वहीत तारीख, जागा, पक्ष्याचा आकार, रंग आणि तो काय करत होता ते लिहायचं. नाव माहीत नसेल तर नातवंडांना मोबाईलवर ‘मर्लिन’ हे फुकट अ‍ॅप लावायला सांगा. आवाज ऐकून ते नाव सुचवतं. कधी कधी ते चुकतं, म्हणून डोळ्यांनी खात्री करून घ्यावी.

काही गोष्टी सांभाळा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये, खिशात खडीसाखर ठेवावी. बिबट्याच्या भागात अंधारात किंवा एकट्याने जाऊ नये. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये. कबुतरांना दाणे घालून घराजवळ गोळा करू नये. त्यांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने काहींच्या फुफ्फुसांना कायमची इजा होते. आणि घुबड अशुभ, टिटवी ओरडली की मरण, असलं काही मुलांच्या डोक्यात घालू नये. घुबड उंदीर खातं, टिटवी आपल्या पिलांसाठी ओरडते.

घरातल्या बाईलाही हा तासभर मिळाला पाहिजे. आमच्या गटात ज्या ताई टिकल्या, त्यांच्या घरी सकाळचा चहा आणि डबा दुसऱ्या कुणीतरी हाती घेतला, म्हणून टिकल्या. तेव्हा येत्या रविवारी घरातल्या कुणीतरी चुलीपाशी उभं राहावं आणि आईला, आजीला वही देऊन बाहेर पाठवावं. पहिल्या दिवशी पाच पक्षी लिहून झाले तरी पुष्कळ.