मोटार चालू करताना मीटर किती पळतं? मोबाईलवर मोजा; खरा धोका वाइंडिंगला

मोटार सारखी बंद-चालू केली की लई युनिट पडतात, असा अनेक शेतकऱ्यांचा समज आहे. टाँग टेस्टर लावला तर तो खराही वाटतो. 5 एचपीची थ्री फेज मोटार चालताना साधारण 7 ते 8 अँपिअर घेते, पण बटण दाबताच काटा 40-45 वर उडी मारतो. मात्र अँपिअर म्हणजे युनिट नव्हे. युनिटमध्ये वेळही धरावी लागते.

हिशेब सोपा आहे. ही मोटार तासाला अंदाजे साडेचार युनिट घेते. सुरुवातीला सहापट वीज धरली, तरी वेग पकडायला तिला 2 सेकंद लागतात. म्हणजे 12 सेकंद चालल्याइतकीच वीज. प्रत्यक्षात पॉवर फॅक्टर कमी असल्याने त्याहूनही कमी.

घरच्या घरी असं मोजा
मीटरवर लाल दिवा लुकलुकतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, हे मीटरवरच छापलेलं असतं. समजा 800 आहे. मोटार चालू करताना पहिल्या 10 सेकंदांचा मोबाईलवर व्हिडिओ काढा. पाणी सुरळीत पडू लागलं की पुन्हा 10 सेकंदांचा काढा. व्हिडिओ हळू चालवून लुकलुक मोजा. नंतरच्या व्हिडिओत 10 आणि पहिल्यात फार तर 20 भरतील. फरक 10 चा. म्हणजे 80 वेळा मोटार चालू केली, तेव्हा कुठे एक युनिट जास्त. मीटरचं सील किंवा वायरला मात्र हात लावू नका.

मग मोटार जळते कशाने?
करंट सहापट झाला की वाइंडिंगमध्ये उष्णता छत्तीसपट तयार होते. 2 सेकंदांत ती सोसते. पण व्होल्टेज 80 टक्क्यांवर आलं तर मोटारीचा जोर 64 टक्केच उरतो. वेग पकडायला वेळ लागतो, कधी ती नुसती गुरगुरते. त्यात लाइट ये-जा करत असेल, तर थंड व्हायला सवडच मिळत नाही.

लाइट येताच एका डीपीवरचे सगळे ऑटो स्विच एकदम पडले, तर व्होल्टेज आणखी बसतं. म्हणून डीपीवरच्या शेतकऱ्यांनी आपसात ठरवून ऑटोची वेळ मागे-पुढे ठेवावी. ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरप्रमाणेच लावावा. मोटार गुरगुरली तर लगेच बंद करावी. 7.5 एचपीपर्यंत शेतीपंपाची वीज मोफत असली, तरी रिवाइंडिंगचा खर्च शेतकऱ्याच्याच खिशातून जातो.