भिंतीवरचा कागद आणि भिंतीतील ओल

पेडणे तालुक्यातील आमच्या थोरल्या बहिणीचे घर जांभ्या चिऱ्याचे असून भिंतींना जुना चुन्याचा गिलावा आहे. तिच्या मुलीचे लग्न जानेवारीत ठरले, त्या वेळी बैठकीच्या खोलीतील पश्चिमेकडील भिंत डागांनी पिवळी पडली होती. रोसासाठी आप्तेष्ट येणार आणि वेदी त्याच भिंतीशी! गिलावा खरवडून नवा करण्याइतका पैसा हाताशी नव्हता. तेव्हा मुंबईच्या एका नातलगाकडे पाहिलेला फुलांचा भिंतीचा कागद बहिणीच्या मनात भरला. म्हापशाच्या बाजारातून गुंडाळ्या आल्या आणि भाची व आम्ही, दोघेही अगदी नवशिके, कामाला लागलो.

लग्न थाटात झाले. पाहुण्यांनी भिंतीचे कौतुक केले, ते आम्ही संकोच न बाळगता स्वीकारले. परंतु जूनमध्ये पाऊस लागला आणि जुलैत कागदाचे कोपरे वळू लागले. एक पट्टी ओढून पाहतो तो मागे काळी बुरशी पसरलेली. बहिणीला दम्याचा विकार; त्या दिवसांत तिला रात्री बसून काढाव्या लागत होत्या. बुरशीचे सूक्ष्म कण श्वासाबरोबर आत गेल्यास दमा बळावतो, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर आम्हांला मान खाली घालावी लागली. तिचा दोष लपविण्यासाठी लावलेला कागद तिच्याच छातीवर बसला होता.

दोष मुळात कागदाचा नव्हता. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जांभा दगड सच्छिद्र असल्याने पाणी शोषून घेतो. चुन्याचा गिलावा ती ओल हळूहळू बाहेर सोडीत असतो. वरवर डागाळलेली ती भिंत आपल्या परीने सुकत होती. तिच्यावर प्लॅस्टिकचा थर असलेला कागद आम्ही डकविला आणि तिची वाटच बंद केली. त्यात खळीचे पिष्ट म्हणजे बुरशीला आयते अन्न!

युरोपातही हा कागद असाच एकदा घातक ठरला होता, परंतु कारण निराळे होते. इंग्लंडमध्ये भिंतीच्या कागदावर १७१२ मध्ये बसविलेला कर १८३६ मध्ये उठला आणि पुढे हा कागद सामान्य घरांतही शिरला. त्याच्या हिरव्या छटांत पुष्कळदा सोमलाचे रंग असत. दमट भिंतीवर वाढणाऱ्या बुरशीमुळे त्या रंगांतून विषारी वायू निघतो, हे १८९० च्या दशकात गोझिओ नावाच्या इटालियन वैद्याने दाखवून दिले. आजच्या कागदांत तो रंग नसतो. दमट भिंत मात्र तशीच आहे.

पुढे भाची सासरी डिचोलीस गेली व तिला आपल्या खोलीत कागद हवा झाला. ती म्हणाली, "मामा, ह्या खेपेस आधी भिंतीची नाडी पाहू." ती पाहण्याची रीत सोपी आहे. दोन फूट लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडा चिकटपट्टीने बंद करून भिंतीवर दोन दिवस लावून ठेवावा. आतील बाजूस पाण्याचे थेंब दिसले, तर ओल भिंतीतूनच येत आहे. बाहेरील बाजूस दिसले, तर ती हवेतील होय. ही परीक्षा पावसाळ्यातच घ्यावी. डिसेंबरात सर्वच भिंती साळसूद दिसतात. भाचीच्या खोलीतील बाहेरची भिंत परीक्षेत नापास झाली, ती आम्ही चुन्याचीच राहू दिली. मधली आतली भिंत कोरडी निघाली, तिच्यावर कागद लावण्याचे ठरले.

भिंत चार मीटर रुंद व तीन मीटर उंच होती. गुंडाळी साधारणतः ५३ सेंटिमीटर रुंद व १० मीटर लांब असते; तीतून कापणीची शिल्लक धरून तीन पट्ट्या निघतात. आठ पट्ट्या लागणार म्हणून तीन गुंडाळ्या हिशेबात आल्या, तरी नक्षी जुळविताना कागद वाया जातो म्हणून एक अधिक घेतली. सर्व गुंडाळ्यांवरील छपाईचा क्रमांक एकच आहे ना, हे दुकानातच पाहावे. नाही तर रंगात फरक पडतो.

सुटणारा चुना खरवडून, भेगा भरून, पातळ खळीचा एक हात दिला व तो वाळू दिला. पहिली पट्टी चौकटीच्या कडेने लावण्याचा मोह आवरावा. जुन्या घरातील चौकट क्वचितच सरळ असते. गवंड्याचा ओळंबा सोडून उभी रेघ आखावी आणि पट्टी तिला लावावी. पहिली चुकली की शेवटच्या पट्टीपर्यंत चूक वाढत जाते. साधा कागद खळ लावल्यावर ओलाव्याने रुंदावतो. म्हणून तो दुमडून पाचदहा मिनिटे ठेवावा, नाही तर भिंतीवर फुगे येतात. काही नव्या कागदांना मात्र खळ भिंतीलाच लावावयाची असते. गुंडाळीवरील सूचना वाचावी. मग वरून खाली, मधून कडेकडे, मऊ कुंचल्याने हवा काढीत जावे. कोपऱ्यात पूर्ण पट्टी वळवू नये. एखाद-दोन सेंटिमीटर कागद पलीकडे नेऊन तेथून पुन्हा ओळंब्याने नवी पट्टी धरावी. विजेच्या बटणांपाशी काम करण्यापूर्वी मुख्य कळ बंद करावी. खळीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे, परंतु ते विषारी असल्याने लहान मुले असलेल्या घरी आम्ही ते टाळले व बुरशीरोधक तयार खळ वापरली.

इकडे पेडण्याच्या घरी कागद काढून टाकल्यावर ओल कोठून येते, याचा शोध घेतला. वळचणीचे दोन कौल फुटले होते, आणि बाहेर फुलझाडांसाठी टाकलेली माती भिंतीशी हातभर वर चढली होती. कौले बदलली, माती मागे ओढली, भिंत दोन महिने मोकळी सोडली व मग चुन्याचा हात दिला. ह्या सर्वांचा खर्च कागदाहून कमी आला. यंदाच्या पावसाळ्यात डाग पुन्हा उमटला, पण पूर्वीच्या निम्म्याहून लहान. बहीण त्याच्याकडे बोट दाखवून म्हणते, हा दिसतो आहे तेच बरे.