डॉक्टरची चिठ्ठी

आपल्याकडे घरचा डॉक्टर रोग्याला तज्ज्ञाकडे पाठवतो तेव्हा सोबत एक चिठ्ठी देतो. ‘कृपया तपासावे’ एवढाच बहुधा तिचा मजकूर असतो. आणि पुष्कळदा तीही न घेता आपण परस्पर मोठ्या डॉक्टरचे दार गाठतो. न्यूझीलंडमध्ये तसे चालत नाही. तेथे सरकारी रुग्णालयातील उपचार नागरिकांना विनामूल्य मिळतात. परंतु तातडीचा प्रसंग सोडला, तर तेथील तज्ज्ञापर्यंत जाणारी वाट बहुधा घरच्या डॉक्टरच्या खोलीतूनच जाते. तज्ज्ञ थोडे आणि रोगी फार, म्हणून आलेली चिठ्ठी वाचून तिची निकड ठरवली जाते, आणि काही चिठ्ठ्या परतही धाडल्या जातात. मजकूर अपुरा असेल, तर ज्याने आज जावयास हवे तो महिनोन्‌महिने रांगेत राहतो. आणि ज्याला जाण्याचे कारण नव्हते तो त्याची जागा अडवतो.

क्राइस्टचर्च शहर ज्या कँटरबरी भागात आहे, तेथे या अडचणीवर २००८ साली एक उपाय सुरू झाला. त्याचे नाव हेल्थपाथवेज. आपण त्यास ‘आरोग्याच्या वाटा’ म्हणू. बाहेरून पाहता ते डॉक्टरांपुरते खुले असलेले एक संकेतस्थळ आहे. रोगी समोर बसला असतानाच डॉक्टर त्यातील पान उघडतो.

पाठदुखीचेच उदाहरण घेऊ. अशा पानावर आरंभी धोक्याच्या खुणा दिलेल्या असतात. लघवीवरचा ताबा गेला आहे काय? मांड्यांच्या आतली, बसण्याची जागा बधिर झाली आहे काय? पायांतील शक्ती कमी होत आहे काय? असे असेल तर मज्जातंतूंचा जुडगा दाबला जात असण्याचा संभव असतो, आणि मग उद्याची वाट पाहणेही बरे नव्हे. या खुणा नसतील तर बहुतेक पाठदुखी काही आठवड्यांत ओसरते. क्ष-किरण चित्राने फारसे काही साधत नाही. त्यापुढे तपासणी कशी करावी, औषध कोणते द्यावे, आणि शेवटी, पाठवायचेच झाले तर कोणाकडे पाठवावे व चिठ्ठीत काय लिहावे, हे येते.

हा शेवटचा भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रोगाचे ज्ञान जाड ग्रंथांतही सापडते. परंतु आपल्या गावात ही तपासणी कोठे होते, हे कोणताही ग्रंथ सांगत नाही. म्हणून ही पाने तयार करताना त्याच भागातील तज्ज्ञ आणि त्याच भागातील घरचे डॉक्टर एकत्र बसले. तज्ज्ञांनी आपली गाऱ्हाणी सांगितली, डॉक्टरांनी आपली. चर्चेत असे दिसून आले की, कित्येक कामांसाठी रोग्याला रुग्णालयात पाठवण्याची गरजच नाही. अतिरिक्त मासिक स्रावाच्या तक्रारीत गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना घेणे, त्वचेवरील संशयित गाठ काढणे, ही कामे शिकून घेतलेले घरचे डॉक्टर करू लागले, आणि त्यांचा मोबदला देण्याची सोय झाली. नुसती पाने लिहून हे झाले नसते. पैशाची वाटही त्याच वेळी वळवावी लागली. पुढे २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात १८५ माणसे दगावली आणि रुग्णालयातील खाटाही कमी झाल्या; तेव्हा दवाखान्यांत आणि घरोघरी उपचार करण्याची ही सवय शहराच्या फार उपयोगी पडली.

यंत्राने निदान करावे ही कल्पना याहून जुनी आहे. इंग्लंडमध्ये लीड्स येथे डी डोंबल यांनी पोटदुखीच्या ३०४ रोग्यांवर संगणक चालवून पाहिला. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आकड्यांनुसार संगणक सुमारे ९२ टक्के आणि अनुभवी डॉक्टर सुमारे ८० टक्के बरोबर ठरले. तथापि दुसऱ्या ठिकाणी तेवढे यश पदरी पडले नाही. लीड्सच्या रोग्यांवरून बांधलेले गणित परक्या रोग्यांना जसेच्या तसे लागू पडेना. कँटरबरीची पद्धत ऑस्ट्रेलिया व ब्रिटनमधील काही भागांनी स्वीकारली, तेव्हा पाने उसनी घेतली खरी. पण प्रत्येक ठिकाणच्या डॉक्टरांनी ती पुन्हा वाचून आपल्या गावाप्रमाणे बदलून घ्यावी असाच तिचा दंडक आहे.

या पानांआडून रोग्यांना दाराबाहेर ठेवले जाते, अशी शंका कोणी घेईल, आणि ती अगदीच अनाठायी नाही. रांग काही नाहीशी झालेली नाही. फरक एवढाच, की कोणत्या कारणाने चिठ्ठी परत येईल हे डॉक्टरला आधी कळते, आणि तोपर्यंत काय करावे हेही त्याच पानावर सापडते. दुसरी उणीव अधिक खोल आहे. पान एका आजाराचे असते; समोर बसलेल्या सत्तर वर्षांच्या बाईला मधुमेह, गुडघेदुखी आणि हृदयविकार ही तिन्ही एकदम असतात, आणि एका पानावर सुचवलेले वेदनाशामक दुसऱ्या पानावर निषिद्ध ठरते. तेथे डॉक्टरला पडद्यावरची नजर काढून त्या बाईकडेच पाहावे लागते, आणि त्यासाठी त्याच्याजवळ बहुधा पंधरा मिनिटे असतात.