वस्तऱ्याचा निसणा

न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री आणि कंगवा यांच्या शेजारी एक गुळगुळीत दगड असे. गिऱ्हाइकाची नजर वस्तऱ्याकडे जाई. त्या दगडाकडे, म्हणजे निसण्याकडे, क्वचितच कोणी पाही. परंतु वस्तरा गळ्यावरून अलगद सरकणार की कातडी सोलणार, हे पुष्कळसे त्या दगडाने आधीच ठरविलेले असते.

विळीला खरबरीत दगड चालतो. तिच्या धारेवर उरलेले सूक्ष्म दाते भाजी चिरताना उपयोगीच पडतात. हनुवटीच्या कातडीला मात्र तेच दाते ओरबाडतात. म्हणून वस्तऱ्याच्या बाबतीत दगड किती लवकर घासतो यापेक्षा तो मागे किती बारीक ओरखडे ठेवतो, हे अधिक महत्त्वाचे.

कारखान्यात तयार होणाऱ्या दगडांवर हा बारीकपणा क्रमांकाने दाखवितात. क्रमांक जितका मोठा, तितके कण लहान. १००० क्रमांकाच्या जपानी दगडातील कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून किंचित मोठे असतात. बोथटलेली किंवा खांडे पडलेली धार नव्याने घडविणे, हे त्याचे काम. ४००० ते ५००० क्रमांकाचा दगड त्याचे ओरखडे पुसतो आणि ८००० किंवा १२००० क्रमांकाचा दगड धारेवर अखेरचा हात फिरवितो.

मानवनिर्मित घर्षणद्रव्यांच्या इतिहासात १८९१ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी विजेच्या साहाय्याने सिलिकॉन कार्बाइड तयार केले. तोपर्यंत मुख्य भिस्त निसर्गावरच होती. बेल्जियमच्या आर्देन भागातील कोटिक्यूल हा पिवळसर दगड त्यासाठीच नावाजला. त्यात गार्नेटचे अतिसूक्ष्म कण असतात. त्याच जातीच्या लहान तुकड्याने घासून पृष्ठावर दुधाळ लगदा काढला, तर तो पोलाद झपाट्याने खातो. नुसते स्वच्छ पाणी ठेवले, तर तोच दगड हळुवारपणे धार पाजळतो.

दगड कोणताही असो, तो सपाट हवा. वस्तरा निसताना पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली असतात. धारेचा कोन या दोहोंतील अंतर आणि पाठीची जाडी यांवरून आपोआप ठरतो. मध्ये खोलगट झालेला दगड हा कोन बिघडवितो. पेन्सिलीने दगडावर आडव्या-उभ्या रेघा ओढून तो काचेवर ठेवलेल्या ओल्या पॉलिशकागदावर घासावा. रेघा जिथे शिल्लक राहतील, तिथे खळगा आहे असे समजावे.

हौशी माणसाची चूक बहुधा एकच होते. धार जराशी मंदावली की तो जाडा दगड जवळ करतो. वास्तविक धार शाबूत असेल, तर कातड्याच्या पट्ट्यावरच तिचे काम भागते. तेवढ्याने न भागले, तर सर्वांत बारीक दगडावर पाण्याने थोडे हात पुरेत. म्हणून ज्याला एकच दगड घ्यावयाचा आहे, त्याने बारीक दगड घ्यावा आणि खांडे काढण्याचे काम जाणत्या कारागिराकडे सोपवावे. झिजलेले पोलाद परत येत नाही. आजोबांचा वस्तरा नातवाच्या हाती पडावयाचा असेल, तर दगडाने त्याचे कमीत कमी खावे, हेच बरे.